शिंगराच्या रंगाची डीएनए टेस्ट केली, अनुभव सांगतो (तासगाव, सांगली)

आमची घोडी कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ), अकलूजच्या बाजारातनं आणलेली. तिला सब्जा (वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्या) घोड्यापासनं शिंगरू झालं ते एकदम काळं कुळकुळीत. आठवड्यात गिऱ्हाईक दारात, मुश्की (पक्कं काळं) म्हणून भरपूर पैसे द्यायला तयार. पण शिंगराच्या डोळ्याभोवती पांढरे केस दिसले, बापासारखं सब्जा तर होणार नाही ना म्हणून मला राहवेना, म्हणलं विकायच्या आधी खात्री करू, मग मिरजेच्या डॉक्टरांना विचारून एका लॅबला सॅम्पल पाठवलं.

रक्त काढायला लागत नाही, २०-३० केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घालायचे, कापलेले चालत नाहीत कारण डीएनए मुळाशी असतो. मी आयाळीचे पाठवले, शिंगराचे केस कोवळे, निम्मे मुळाशिवायच तुटलेले, सॅम्पल रिजेक्ट. शेपटीचे घ्या हे लॅबनं आधीच सांगायला पायजे होतं, पंधरा दिवस वाया गेले राव. रिपोर्ट पण सगळा इंग्लिश. फोनवर लॅबच्या मॅडमनी मात्र अर्धा तास न कंटाळता समजावलं, त्याचे पूर्ण मार्क.

रिपोर्ट असा की मूळ रंग काळाच, पण बापाकडनं ग्रे जीनची (सब्जा करणाऱ्या जीनची) एक कॉपी आलीय. म्हणजे सहा-आठ वर्षांत शिंगरू पांढरं होणार, त्याला इलाज नाही. हा जीन २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी शोधला. मॅडम म्हणाल्या जे शिंगरू मोठेपणी काळं राहतं ते जन्मताना बऱ्याचदा उंदरासारखं राखाडी असतं, उलट सब्जा होणारं जन्मतः गडद असतं. आपल्याकडं नेमकं याच्या उलटं बघून सौदे होतात! आणि सब्जा व्हायला आईबापातलं एक तरी सब्जा लागतंच, त्यामुळं बाप बघितल्याशिवाय काळ्याचे पैसे देऊच नका. डॉक्टरांनी अजून एक सांगितलं, पंधरा वर्षांपुढच्या बहुतेक सब्जांना शेपटीखाली गाठी होतात, तिथं हात फिरवून बघत जायचं. हे कळलं एवढ्यानंच मला टेस्टचे पैसे वसूल वाटले.

या टेस्टमधनं चाल, उंची, स्वभाव यातलं काही कळत नाही, फक्त रंग. कुरिअर धरून साडेचार हजार गेले. गिऱ्हाईकाला रिपोर्ट दाखवला, तो परत गेला, वाईट वाटलं पण खोटं बोलून जनावर विकायचं नव्हतं. शिंगरू घरीच ठेवलंय, डोळ्याभोवतीचं पांढरं आता लांबनं पण दिसतं.