बर्फात तरले, कातळावर घसरले: ट्रेकिंग बुटांचे नऊ महिने

"मॅडम, दाते बघा केवढे खोल आहेत! बर्फात काय, चिखलात काय, कुठेच हलणार नाही." दादरच्या दुकानातल्या मुलाने बूट उलटा करून माझ्या नाकासमोर धरला होता. दाते खरंच खोल होते, सहा मिलिमीटर. माझ्या जुन्या बुटांचे झिजून तीनवर आलेले. डिसेंबरात केदारकंठाला जायचं होतं, त्यामुळे फार विचार न करता साडेपाच हजार मोजले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे काही झालं त्यात दोष बुटांचा कमी आणि माझ्या समजुतीचा जास्त होता.

आधी बर्फ. केदारकंठा उत्तराखंडात, ३,८१० मीटर उंच, पायथ्याला सांकरी गाव. जुडा का तालाबच्या वरच्या चढावर भुसभुशीत ताजा बर्फ होता, घोट्याच्या वरपर्यंत पाय जाईल असा. तिथे हे बूट अक्षरशः चालून गेले. सोल बर्फात दाबला की दात्यांमधल्या खाचांत बर्फ घट्ट बसतो, मग बर्फच बर्फाला धरतो. चढताना चवडा आपटून पायरी करायची, उतरताना टाच रोवायची. टाचेच्या दात्यांची कड उलट्या दिशेला कापलेली आहे, ती उतारावर ब्रेकसारखी लागते.

पण शिखराच्या दिवशी पहाटे अडीचला निघालो तेव्हा वाटेवर वेगळंच प्रकरण होतं. शेकडो पायांनी दाबून आणि रात्रीच्या थंडीने गोठून वाट काचेसारखी झालेली. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण सोलच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत. गोठलेल्या वाटेवर सहा मिलिमीटरचे दाते आणि बाथरूमची स्लीपर यांत फारसा फरक नव्हता. थंडीने रबरही कडक झालेलं. शेवटी बुटांवर मायक्रोस्पाइक चढवले, त्या साखळीचे पोलादी काटे कचकच रुतायला लागले तेव्हा जीव भांड्यात पडला. दुपारी उतरताना बर्फ ओला झाला आणि त्याच काट्यांखाली बर्फाचे लाडू वळायला लागले. दर वीस पावलांनी काठीने ठोकून पाडायचे. तेव्हा गोठलेल्या वाटेसाठी काटे हवेतच, बूट कितीही भारी असोत.

परत आल्यावर या विषयाचं जरा वेडच लागलं. खोल बर्फात फिरणाऱ्या स्नोमोबाइलच्या पट्ट्यांबद्दल वाचत बसले. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठीच्या मशीनला अडीच ते तीन इंच उंच रबरी दाते असतात, आणि दाबलेल्या वाटेवर पळणाऱ्या मशीनला साधारण इंच-सव्वा इंचाचे. म्हणजे जमीन जितकी पोकळ तितका दाता उंच, जितकी टणक तितका ठेंगणा. हे तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं. भांडुपला राहणारी बाई वर्षातून किती दिवस पोकळ जमिनीवर चालते?

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन गड झाले, घसाऱ्यावर बरे चालले, मुरमात दाते चांगले रुतत होते. फक्त पाय सवयीचे व्हावेत म्हणून मी आठवडाभर हेच बूट घालून ऑफिसला गेले, ते चुकलं. डांबर आणि स्टेशनचे जिने सोल जेवढा खातात तेवढा डोंगर खात नाही.

मग पाऊस आला. जूनमध्ये कोथळीगड. पहिली कर्जत लोकल, तिथून आंबिवली, पुढे पेठच्या वाटेवर लाल चिखल. इथे बूट पुन्हा हिरो. दात्यांमध्ये अंतर भरपूर, त्यामुळे चिखल अडकून राहत नाही, पाय आपटला की गळून पडतो. बरोबरचे लोक दोन-दोन किलोचे गोळे घेऊन चालत होते आणि मी त्यांना सल्ले देत होते. गाव मागे पडलं, सुळक्याखालचा कातळ सुरू झाला आणि तिसऱ्याच पावलाला उजवा पाय असा सटकला की मी कोपरावर आपटले. मागून एक काका म्हणाले, "ताई, सल्ले संपले वाटतं?" कातळात खोदलेल्या पायऱ्या मी दोन्ही हात टेकत चढले. उतरताना काही ठिकाणी बसून.

असं का होतं हे पाहायला जुलैत एका रविवारी कान्हेरीला गेले. उजव्या पायात नवा बूट, डाव्यात जुना. बोरिवलीच्या गेटवरचा माणूस माझ्या पायांकडे बघतच राहिला. लेण्यांच्या मधल्या उतारावर, पाऊस भुरभुरत असताना, एकाच कातळावर एकदा या आणि एकदा त्या पायावर भार देऊन पाहिला. काळ्या ओल्या दगडावर जुना झिजका बूट चिकटून राहिला. नवा आधी टिकल्यासारखा वाटायचा आणि मग एकदम सुटायचा. बूट उलटा केला तर उत्तर समोरच होतं. खोल आणि विरळ दात्यांमुळे सोलचा निम्मा भाग दगडाला लागतच नाही, जे काही लागतं ते दात्यांचं टोक. जुन्याचा तळवा जवळजवळ सपाट, शिवाय रबर मऊ. अंगठ्याचं नख दाबलं तर जुन्यावर वळ उठतो, नव्यावर काहीच नाही. ही नखाची परीक्षा दुकानात करायला पैसे पडत नाहीत. मऊ रबर लवकर झिजतं, हे मान्य करूनच घ्यायचं. आपल्याकडच्या जुन्या ट्रेकरांनी ॲक्शन कंपनीच्या बुटांचं एवढं कौतुक का केलं, तेही त्या दिवशी कळलं.

हिरवट, चकचकीत शेवाळावर मात्र दोन्ही पाय सारखेच गेले. तिथे सोल बदलून उपयोग नाही, वाट बदला.

गंमत म्हणजे असा खाचांचा रबरी सोल जन्मालाच आला तो एकाच बुटात सगळं जमावं म्हणून. १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिकाच्या मोहिमेत इटलीच्या गिर्यारोहक विताले ब्रामानीचे सहा साथीदार मृत्युमुखी पडले. तेव्हा वाटेसाठी खिळ्यांचे बूट आणि कातळासाठी वेगळे हलके बूट अशी पद्धत होती. त्या दुर्घटनेनंतर ब्रामानीने १९३७ मध्ये व्हिब्रम नावाचा रबरी सोल आणला, त्याच्या नक्षीचं नाव कार्रारमातो, म्हणजे रणगाडा. १९५४ च्या के-टू शिखराच्या मोहिमेतही इटालियनांच्या पायात हाच सोल होता. मोठी गोष्ट आहे, पण कोथळीगडाच्या पायऱ्यांवर मला ती लागू पडली नाही.

टिकाऊपणाचं सांगायचं तर मुलाच्या कंपासमधल्या पट्टीने मोजलं: टाचेला अजून पाच मिलिमीटर, चवड्याखाली चार. शिवण शाबूत. पाणी आत शिरतं आणि मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकू नका. सांकरीला आमच्यातल्या एकांचे महागडे बूट दोन वर्षांनी बाहेर निघाले होते, पहिल्याच दिवशी दोन्ही सोल पावासारखे तुकडे होऊन पडले. सोलच्या मधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने आतून कुजतो, वरून काही दिसत नाही.

जुन्या जोडीची कड सुटत होती, ती स्टेशनबाहेरच्या बूटदुरुस्तीवाल्या काकांनी सोल्युशन लावून चारी बाजूंनी दोरा घालून दिली. दीडशे रुपये. नव्या जोडीत सध्या वर्तमानपत्र कोंबून ती गॅलरीत पंख्याखाली ठेवली आहे. रविवारी नेरळहून पेब किल्ल्यावर जायचंय, आणि त्यासाठी पिशवीत जुनीच भरली आहे.