पाकीट जुनं, टोपी नवी: 911 च्या बॅटरी-टोप्यांतली फसवणूक

1969 ते 1973 या मॉडेल-वर्षांच्या पोर्श 911 ला दोन बॅटऱ्या असतात. पुढच्या डिकीच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत, हेडलाइटच्या मागे, 12 व्होल्टच्या 36 अँपिअर-अवरच्या दोन, समांतर जोडलेल्या. त्यामुळे पॉझिटिव्ह टर्मिनल झाकणाऱ्या टोप्याही दोन लागतात. एक फुटकी मिळते, दुसरी मिळतच नाही. आणि सीलबंद जोडी विक्रीला आलेली दिसली की भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो. ही फसवणूक याच घाईवर चालते.

अशाच एका फसलेल्या खरेदीची ही गोष्ट, 1971 च्या 911 टी साठीची. जाहिरातीत ‘एनओएस’, म्हणजे कारखान्याचा न वापरलेला जुना साठा, असं लिहिलं होतं. फोटो एकच, तोही बाहेरून, पाकीट न उघडता. ‘पाकीट उघडलं तर किंमत जाते’ हे विक्रेत्याचं कारण ऐकायला पटतं, पण त्यामागेच सगळं लपतं.

पोल उघडी पडली ती लेबलावर. वर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ आणि खाली स्टुटगार्टचा पत्ता, त्यात 70435 हा पिनकोड. पश्चिम जर्मनी हे नाव 3 ऑक्टोबर 1990 ला इतिहासजमा झालं. पाच आकडी पिनकोड आले 1 जुलै 1993 पासून. त्याआधी हाच पत्ता ‘7000 स्टुटगार्ट 40’ असा छापला जायचा. म्हणजे हे दोन्ही एकत्र असलेलं लेबल घरच्या प्रिंटरवर निघालं, त्यात शंका नको. नुसता पाच आकडी पिनकोड असता तर मात्र गुन्हा नव्हता. कंपनी जुन्या गाड्यांचे भाग नंतरही नव्या पाकिटात भरून विकते. माल अस्सल, फक्त ‘त्या काळातला’ नव्हे. ‘त्या काळातला’ म्हणून जास्तीचे पैसे मागितले की तिथे खोट सुरू होते.

टोपी हातात आल्यावर बाकीचं दिसलं. अस्सल टोपीवरून साचा घेऊन पॉलियुरेथेन ओतलं की ते थंड होताना किंचित आकसतं. नकलेवर पार्ट नंबरही उठतो, पण अक्षरांच्या कडा बोथट, साबणाच्या झिजलेल्या वडीवरच्या नावासारख्या. आतल्या कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. दाबाखाली साच्यात घडवलेल्या भागात असे बुडबुडे सहसा नसतात. आकसल्यामुळे क्लॅम्पवर, म्हणजे केबल टर्मिनलला आवळणाऱ्या पकडीवर, टोपी पूर्ण बसतच नाही, ओढून बसवली तर केबलच्या तोंडाशी चिरते. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बुडाशी साधारण 19.5 मिमी, निगेटिव्ह 17.9, पण टोपी खांबावर नाही, क्लॅम्प आणि नटावर बसते. म्हणून व्हर्नियर तिथे लावायचा.

‘वापरलेली अस्सल’ म्हणून येणाऱ्या टोप्यांची तऱ्हा वेगळी. बुटाचं पॉलिश चोळून त्या म्हाताऱ्या केलेल्या असतात. पांढऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, कापड काळं होतं. खऱ्या वापरलेल्या टोपीचा मळ आत असतो: क्लॅम्पला टेकलेल्या जागी पांढरट-हिरवट थर, केबलच्या तोंडाची झिजलेली कड. बाहेर धूळ आणि आत लख्ख, अशी टोपी गाडीवर कधी बसलेलीच नाही.

आतल्या बाजूला दोन कोनी कंसांत प्लॅस्टिकचं नाव छापलंय का तेही पाहा. ही खूण आयएसओ 11469 ची आणि ते मानक 1993 चं. 1971 च्या टोपीवर ती असायचं कारण नाही.

नंबरात मात्र उलटी चूक होते. पोर्शच्या जुन्या नंबरातले पहिले तीन आकडे भाग मुळात ज्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात, पुढचे तीन आकडे भागाचा गट सांगतात. 6 ने सुरू होणारा गट विजेचा. 901 ने सुरू होणारा नंबर पाहून काही जण अस्सल माल परत पाठवतात. फ्रेंच कंपनी प्यूजोने हरकत घेतल्यामुळे 1964 मध्ये नाव 911 होण्याआधी गाडी 901 च होती, नंबर तसेच राहिले. शेवटचे दोन आकडे बदललेले असतील तर ती सुधारित आवृत्ती. आपल्या वर्षाला कोणती, हे कंपनीच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या जुन्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघायचं, विक्रेत्याला विचारायचं नाही.

पैसे देण्याआधी मागायचे फोटो असे: टोपीची आतली बाजू मोजपट्टीसकट, नंबर तिरक्या उजेडात, लेबल दोन्ही बाजूंनी, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद. पेपालसारख्या ऑनलाइन सेवेत ‘मित्र-नातेवाईक’ पद्धतीने पैसे पाठवा म्हणणाऱ्याला नकार. त्यात खरेदीचं संरक्षण मिळत नाही. या व्यवहारात पैसे असेच गेले आणि परत आले नाहीत. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, लेबल फाडू नका.

टोपी अस्सल निघाली तरी बसवण्याआधी मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून तिच्या आत-बाहेर टोकं लावा. जास्त कार्बन घातलेलं काळं रबर वीज वाहू शकतं. आकडा दिसला तर ती टोपी शोकेसमध्ये. आणि काम करताना दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह केबल काढा. एकच काढली तर दुसरी बॅटरी त्याच पॉझिटिव्ह लाइनला जिवंत ठेवते, पाना बॉडीला टेकला की ठिणगी पडलीच.