कार्ड बंद करताना: पूर्ण भरणा की सेटलमेंट?

बँकेने क्रेडिट कार्ड बंद केलं, वर खातं ‘राइट ऑफ’ केलं, म्हणजे प्रकरण मिटलं असं समजणारे बरेच भेटतात. राइट ऑफ म्हणजे येणं बुडीत धरणं, ही बँकेच्या हिशेबातली सोय. देणं आपल्या नावावर राहतं, आणि घरात कुणाला आपल्याच खात्यावरचं जोडकार्ड (ॲड-ऑन) दिलं असेल तर त्याच्या खर्चासकट राहतं.

माझी एकाच वर्षी दोन कार्डं थकली. एक पूर्ण भरून बंद केलं, दुसरं सेटल केलं, म्हणजे बँकेने मान्य केलेली कमी रक्कम भरून मिटवलं. त्यामुळे दोन्हीकडची चव माहीत आहे.

सेटलमेंटचा मोह कळण्यासारखा आहे. मागणी एक लाख बारा हजारांची होती, पंचावन्नात मिटलं. पत्र आलं, पैसे भरले, दुसऱ्या दिवसापासून वसुलीचे फोन बंद. त्या आठवड्यात किती दिवसांनी नीट झोपलो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जे कार्ड पूर्ण भरलं, त्यासाठी पर्सनल लोन काढलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. त्यापुढे लोनचा हप्ता परवडला. स्टेटमेंटवरचा आकडा भरून मोकळा झालो, तर पुढच्या महिन्यात पुन्हा सहाशे चाळीस रुपये हजर! स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज. म्हणून स्टेटमेंट बघून भरू नका. ‘आज खातं शून्य करायला किती लागतील’ असं विचारा. एकदा बाकी शून्य झाली की पुढचं सोपं असतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार अर्ज केल्यावर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला 500 रुपये आपल्याला मिळायला हवेत. मात्र बाकी असेल तर यातलं काहीच लागू नाही. माझं पाचव्या दिवशी बंद झालं.

इथवर सेटलमेंटच सरस वाटेल. मलाही तीन वर्षं तसंच वाटत होतं.

मग गृहकर्जाचा अर्ज केला. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींमध्ये, एका कार्डापुढे ‘क्लोज्ड’, दुसऱ्यापुढे ‘सेटल्ड’. कर्ज देणारे म्हणाले, सोडलेली रक्कम भरा आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, आणा, मग बघू. माझी तयारी होती. पण पैसे घ्यायलाच कोणी नाही! कस्टमर केअरचं यंत्र सोळा आकडी नंबर मागे, आणि कार्ड तर मी कधीच कात्रीने कापून टाकलेलं. पॅन सांगितला तर ‘असं खातं दिसत नाही’. शाखेत गेलो, तर कार्डांचा विभाग वेगळा. पत्रावर सही करणारा सोडून गेलेला, वसुली एजन्सी बदललेली. ‘पैसे घ्या हो’ म्हणत बँकेच्या मागे धावणारा थकबाकीदार मी अडीच महिने होतो. रिपोर्टवरचा शिक्का सोसला असता. हे हेलपाटे नाही सोसवले.

अर्थात हा माझा अनुभव. नोकरी गेली असेल, घरात मोठं आजारपण असेल, कुठूनच पैसा उभा राहत नसेल, तर व्याज फुगू देण्यापेक्षा सेटलमेंट बरी, यात शंका नाही. फक्त पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, त्यात खातं, रक्कम आणि ‘फुल अँड फायनल’ हे शब्द हवेत, आणि पैसे एजंटाच्या हातात नाही, थेट कार्ड खात्यात जायला हवेत. ‘तीन वर्षं दम धर, मुदत संपते’ असा सल्लाही मिळेल. कोर्टातल्या दाव्यापुरतं त्यात तथ्य आहे, पण मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय रिपोर्टमधली थकबाकी त्या मुदतीने पुसली जात नाही.

थोडी ओढाताण करून का होईना, भरता येत असेल तर मी भरा म्हणेन. आणि यातलं काहीही निवडलंत तरी कार्ड कापण्याआधी नंबर कुठेतरी लिहून ठेवा.