गूगल शीटवरून ब्लॉग: मसुदे बिनधास्त काढा, 'प्रकाशित करा' मात्र स्वतः दाबा

गूगल शीट, ॲप्स स्क्रिप्ट (शीटला जोडून चालणारा गूगलचा कोड), एखाद्या एआयचं एपीआय (प्रोग्राममधून त्याला काम सांगायची सोय) आणि ब्लॉग चालवणारं वर्डप्रेस एवढ्या सामानावर ब्लॉगचं बरंचसं काम आपोआप होतं. शीट आणि स्क्रिप्ट फुकट, एआयचे पैसे वापराप्रमाणे. मसुदे काढायला ही जोडणी उत्तम आहे. न वाचता थेट छापायला ती अजिबात वापरू नये.

एका ओळीत एक लेख. स्क्रिप्ट ती ओळ वाचते, एआयकडून मजकूर घेते आणि वर्डप्रेसमध्ये मसुदा टाकते. रकाने सात: विषय, मुद्दे, मथळा, स्लग (लेखाच्या वेबपत्त्याचा शेवटचा भाग), मजकूर, स्थिती, पोस्टचा आयडी. सगळा जीव 'मुद्दे' या रकान्यात आहे. 'उकडीचे मोदक' एवढंच लिहिलं तर एआय मोघम गोडगोड लिहितो आणि प्रमाणं मनाने घालतो. तांदूळ कुठला, पिठाला पाणी किती, उकड किती वेळ झाकायची हे तुम्ही दिलंत तरच लेखात दम येतो.

वर्डप्रेसशी जोडायला ५.६ आवृत्तीपासून ॲप्लिकेशन पासवर्डची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी वेगळ्या पासवर्डची, सोय आहे. तो ॲडमिनच्या नावाने काढू नका. 'कॉन्ट्रिब्युटर' दर्जाचा वेगळा युजर करा. त्याला मसुदा टाकता येतो, प्रकाशित करता येत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट चुकली तरी वाचकांपर्यंत काही जात नाही. फोटो मात्र त्याला चढवता येत नाहीत, ते हाताने लावावे लागतात. पासवर्ड बरोबर असूनही ४०१ (ओळख पटली नाही) ही चूक येत असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हर ऑथोरायझेशन हेडर, म्हणजे विनंतीतला पासवर्डचा भाग, गिळत असतो. ते होस्टिंगवाल्याकडून सुरू करून घ्या. एआयच्या एपीआयची किल्ली (पासवर्डसारखा गुप्त कोड) शीटच्या खान्यात नको, ॲप्स स्क्रिप्टच्या सेटिंगमधल्या स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास देते ती ६ मिनिटांची मर्यादा. ॲप्स स्क्रिप्ट तेवढ्या वेळात मध्येच थांबते. पोस्ट गेली पण 'स्थिती' लिहायची राहिली, की स्क्रिप्टच्या पुढच्या फेरीत तोच लेख पुन्हा जातो. म्हणून काम सुरू करण्याआधीच त्या ओळीच्या 'स्थिती'त 'चालू' लिहून फ्लश करा, म्हणजे ते शीटमध्ये लगेच नोंदलं जातं, एका फेरीत तीनच ओळी घ्या आणि दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून ॲप्स स्क्रिप्टमधली लॉक सर्व्हिस वापरा. वर्डप्रेसकडून २०१ (पोस्ट तयार झाली) हे उत्तर आलं की आयडी नोंदवून 'झालं' लिहा. 'चालू'वर अडकलेली ओळ हाताने तपासायची.

मराठीची खास अडचण स्लगची. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ९ अक्षरांची जागा खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० आहे. 'उकडीचे मोदक करताना पारी का फाटते' या मथळ्याचा पत्ता 'उकडीचे-मोदक-करताना-पारी-क' इथेच तुटतो. स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, स्वतः भरा.

देवनागरीला टोकनही (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) इंग्रजीपेक्षा जास्त लागतात. टोकनची मर्यादा कमी ठेवली तर लेख वाक्याच्या मध्येच संपतो, म्हणून उत्तर पूर्ण आलं की तुटलं हे स्क्रिप्टने तपासायलाच हवं. मजकूर एचटीएमएलमध्ये (वेबपानांच्या खुणांच्या भाषेत) मागा, नाहीतर मथळ्यांआधी हॅशची चिन्हं तशीच दिसतात. 'च्या माध्यमातून', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' असली वाक्यं सर्रास येतात. ती काढायला माणूसच लागतो.

शंभर ओळी भरून एका रात्रीत शंभर लेख सोडायचा मोह होतो. केवळ सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक काढलेला निरुपयोगी मजकूर गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या धोरणात घातला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. आठवड्याला नीट वाचून होतील तेवढ्याच ओळींच्या 'स्थिती'त 'तयार' लिहा, आणि स्क्रिप्टला तेवढ्याच घेऊ द्या.