प्राग की व्हिएन्ना : पायी भटकायला एकच दिवस असेल तर

मध्य युरोपच्या सहलीत एखादा दिवस मोकळा निघतो आणि घरात चर्चा सुरू होते : प्रागला द्यायचा की व्हिएन्नाला? दोन्ही शहरं पायीच बघावीत अशी आहेत. पण रमतगमत फिरायचं असेल, तर आधी दोन गोष्टी ठरवा. पहाटे उठायची तयारी आहे का, आणि सोबत कोण आहे.

प्रागचा निवांतपणा पहाटेच गाठावा लागतो. १३५७ साली पाया घातलेला चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब आहे, रुंदी मात्र जेमतेम दहा मीटर. दुपारी तिथे माणसाला माणूस घासतो. तोच पूल सकाळी सहाला बघा. व्ल्टावा नदीवर धुकं, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आणि आपल्या पावलांचा आवाज. एवढ्यासाठी झोप मोडावी, असं मी मनापासून सांगेन.

पूल ओलांडला की बहुतेक जण थेट किल्ल्याचा चढ चढायला लागतात आणि अर्ध्यातच दमतात. त्यापेक्षा मालोस्त्रान्स्के चौकातून २२ नंबरची ट्राम धरा, वर पोहोर्झेलेत्सला उतरा आणि उताराने खाली या. वाटेत स्त्राहोव मठाजवळून सगळं शहर लाल कौलांसकट दिसतं. मग किल्ला आणि त्यातलं सेंट व्हिटसचं कॅथेड्रल. त्याचं बांधकाम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला १९२९ उजाडलं. पुढे नेरुदोवा रस्ता लागतो, तिथे पाय आपोआप रेंगाळतात. १७७० च्या सुमारास घरांना क्रमांक मिळाले, त्याआधी पत्ता सांगायचा तो दारावरच्या चिन्हाने : तीन व्हायोलिनींचं घर, दोन सूर्यांचं घर. ती चिन्हं अजून जागेवर आहेत. मान वर करून शोधत उतरलात तर तास कधी गेला कळत नाही. जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ जाता जाता बघा, तासाच्या ठोक्यासाठी गर्दीत अर्धा तास ताटकळू नका.

अडचण एकच, पण मोठी : चढउतार आणि दगडी फरसबंदी. संध्याकाळपर्यंत घोटे बोलायला लागतात. बाबागाडी ढकलायची असेल तर हाल आहेत.

व्हिएन्नाचं जुनं शहर जवळपास सपाट. सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ मध्ये तटबंदी पाडायचा हुकूम दिला. तट आणि त्याबाहेरचं मोकळं मैदान मिळून जी जागा निघाली, तिच्यावर पाचेक किलोमीटरचा रिंगस्ट्रासे हा जुन्या शहराला वळसा घालणारा रस्ता झाला. म्हणूनच तो इतका ऐसपैस आहे : झाडांची रांग, रुंद पदपथ, जागोजागी बाकं. विद्यापीठापासून निघा. नगरभवन, ग्रीक देवळासारखी संसद, मग फोक्सगार्टन ही बाग. जूनमध्ये तिथे गुलाबांचे ताटवे फुललेले असतात. तिथून समोरासमोरची दोन संग्रहालयं आणि शेवटी ऑपेरा. पाय दमले तर त्याच रस्त्यावरून ट्राम धावते. पाऊस आला तर संग्रहालयात शिरायचं.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिच्यासोबत मी व्हिएन्नाच निवडलं आणि ते बरोबर ठरलं. तासभर चालायचं, मग कॉफीहाउसात टेकायचं. मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवली की ट्रेमध्ये पाण्याचा पेला येतोच, आणि एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने येणारं. बाटली रस्त्यातल्या पाणपोईवर भरून घ्या.

खर्चात प्राग हलकं पडतं, पण तिथे युरो नव्हे, कोरुना लागतात. शाकाहारी मंडळींना प्रागमध्ये तळलेलं चीज, स्माझेनी सीर, पोटभर मिळतं. व्हिएन्नात नाशमार्क्टला फलाफल आणि ऑलिव्हवर जेवण भागतं. मात्र नाशमार्क्टचा बाजार रविवारी बंद असतो.

दोघंच असाल, पाय धड असतील, तर मी प्रागच सांगेन. आईवडील किंवा लहान मूल सोबत असेल तर व्हिएन्ना, दुसरा विचारही नको. आणि दोन्ही हवीत असं वाटलंच, तर रात्रीचा मुक्काम प्रागला ठेवा, पहाटे पूल बघा आणि दुपारची गाडी पकडा. चारेक तासांत व्हिएन्नाला उतराल, संध्याकाळच्या कॉफीला.