शेव, बक्कल आणि तीन कार सीट: चौदा महिन्यांचा हिशेब

खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडला आणि सावलीचं झाड बघून गाडी थांबवली. मे महिना, दुपारचा दीड, बाहेर निमाडचं ऊन. पोरीला काढायला मागचं दार उघडलं, कार सीटच्या बक्कलचं लाल बटण दाबलं. बटण आत गेलं. पट्टे सुटले नाहीत. पुन्हा दाबलं. एका अंगठ्याने, मग दोन्ही अंगठ्यांनी. बायको म्हणाली, "सरक, मी बघते." तिनेही बघितलं. एसी चालू होता म्हणून बरं. पाचव्या मिनिटाला पोर रडायला लागली, सातव्या मिनिटाला आई. माझी आई.

शेवटी सुचलं ते असं: पुढचं बारीक बटण दाबून खांद्यावरचे पट्टे जेवढे सैल होतील तेवढे केले, तिचे हात एकेक करून बाहेर काढले आणि बरणीतून लोणच्याची फोड काढावी तशी तिला वरच्या वर उचलली. एक सँडल आतच राहिली. ज्यांच्याकडे अशी सीट आहे त्यांनी हे एकदा घरी, पार्किंगमध्ये, शांतपणे करून बघा. हायवेवर डोकं चालत नाही.

साडेसतरा हजारांची सीट. तिला कशाने हरवलं? शेवेने. इंदुरी बारीक शेव.

आता रीतसर सांगतो. चौदा महिन्यांत आमच्याकडे तीन सीट झाल्या. पहिली मागच्या जुलैत घेतली, पोर आठ महिन्यांची होती तेव्हा. सहा हजार दोनशे रुपये, गाडीच्या पट्ट्याने बांधायची, १८ किलोपर्यंत, जुन्या युरोपी सुरक्षा नियमाचं, म्हणजे आर ४४/०४ चं, नारिंगी स्टिकर. दुसरी दिवाळीत नवी गाडी आली तेव्हा घेतलेली, हीच ती साडेसतरा हजारांची: आयसोफिक्सची (पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांत थेट अडकणारी), गोल फिरणारी, नव्या नियमाची, म्हणजे आर १२९ वाली. तिसरी मेहुण्याने जानेवारीत न्यू जर्सीहून आणलेली, त्याच्या मुलाची, "फुकट". नावं लिहीत नाही. दुसऱ्या सीटवाल्यांशी भांडण अजून मिटलेलं नाही, आणि उरलेल्या दोघींची नावं लिहिली तर जाहिरात वाटेल.

पहिलीपासून सुरुवात करतो. तेव्हा आमची जुनी हॅचबॅक होती, आयसोफिक्स नव्हतं. उलट्या तोंडाने, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून, सीट बांधायची तर गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून आणावा लागतो, आणि तिथे पट्टा चार बोटं कमी पडायचा. सीटमध्ये गुडघा रोवून, अख्खं वजन टाकून दाबलं की कसाबसा टक् आवाज यायचा, गुंडाळीत एक इंचही शिल्लक नाही. दर वेळी दहा-बारा मिनिटं आणि घामाने भिजलेला शर्ट. छोटी गाडी असेल तर सीट विकत घेण्याआधी हा पट्टा पूर्ण बाहेर ओढून मोजा. दुकानदार गादीचा रंग सांगतो, हे सांगत नाही.

पण एकदा बसली की घट्ट बसायची. जिथून गाडीचा पट्टा जातो तिथे हाताने धरून हलवायची, इंचापेक्षा जास्त हलली नाही की झालं. मी तिला शिव्या घालत घालत चार महिने वापरली आणि तिच्याबद्दल माझं मत तेव्हा अगदी वाईट होतं.

उलट्या तोंडाने का, हा प्रश्न आमच्या इंदूरच्या टिळकनगरातल्या प्रत्येक काकूने विचारला. "पाय दुमडतात हो बिचारीचे." पाय दुमडू देत. एवढ्याशा पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान कच्ची असते. समोरून धडक बसली तर सरळ बसलेल्याचं डोकं पुढे फेकलं जातं. उलट बसलेल्याची पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटमध्ये दाबलं जातं. जुन्या आर ४४ मध्ये ९ किलो झाले की सरळ बसवायला परवानगी होती. नव्या आर १२९ मध्ये वजनाऐवजी उंची बघतात आणि पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत उलटंच बसवायचं, सूट नाही. आईला मी ही सगळी गोष्ट समजावून सांगितली. ती म्हणाली, "तुला आम्ही स्कूटरवर पुढे उभं करून उज्जैनला नेलं होतं." यावर काय बोलणार?

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण लोक विचारतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-बी कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड. मला आजपर्यंत पलासियाला काय, विजयनगरला काय, कुणाही पोलिसाने याबद्दल विचारलेलं नाही. काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दल मात्र विचारलं, जी नव्हतीच.

दिवाळीत नवी गाडी. शोरूमचा पोरगा "सर, फाइव्ह स्टार है, बच्चों के लिए भी" हे पाठ केल्यासारखं म्हणत होता. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यात मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी गुण देतात, हे खरं. पण त्यातले धडकेचे गुण दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा पुतळा कार सीटमध्ये नीट बांधून घेतलेल्या चाचणीतून येतात. आजीच्या मांडीवर बसलेल्या नातीला ते लागू होत नाहीत. तो म्हणाला, "सर, वो तो है."

त्या भरात फिरणारी सीट घेतली. घेताना मला हसू येत होतं. न्हाव्याची खुर्ची फिरते तशी पोराची सीट कशाला फिरवायची? माझा हिशेब असा की फिरण्याचे पाच-सहा हजार जास्त मोजतोय. बायको म्हणाली, घे. घेतली.

आणि इथे मत बदललं. आयसोफिक्सचे दोन दांडे गादीच्या फटीतल्या कड्यांत सरकवले, टक्-टक्, दोन्ही खुणा हिरव्या. दोन मिनिटं. गुडघा नाही, घाम नाही. सीट दाराकडे वळवायची, पोर बसवायची, पट्टे लावायचे, परत उलट वळवायची. आईची कंबर दुखते, तिला वाकून पोर आत कोंबता येत नसे. आता ती एकटी बसवू शकते. तीन महिन्यांनी मी जाहीर मान्य केलं की न्हाव्याची खुर्ची बरोबर होती. हे ऐकायला घरात सगळे हजर होते.

एक भानगड मात्र आठवडाभर कळली नाही. या सीटला पुढे एक पाय आहे, जो गाडीच्या तळावर टेकतो, म्हणजे धडकेत सीट पुढे कलंडत नाही. त्याची खूण कधी हिरवी, कधी लाल. कारण निघालं ते जाड सेव्हन-डी मॅट, जे शोरूमवाल्याने "भेट" म्हणून घातलं होतं. फोम दबायचा, पाय सैल. मॅट त्या बाजूने कापून काढलं. भेटीची किंमत बिलात साडेचार हजार लावलेली होती, हेही त्याच दिवशी बिल पुन्हा वाचताना सापडलं. असो.

अमेरिकन सीटचं थोडक्यात. गादी उत्तम, आणि उलट्या तोंडाने ४० पौंडापर्यंत, म्हणजे १८ किलोपर्यंत चालते. माझ्या पहिल्या सीटला ती मर्यादा १३ किलो होती. म्हणून मी खूश झालो. बांधायला गेलो तर पट्टा लॉकच होईना. अमेरिकेतल्या गाड्यांत मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो आणि फक्त आत जातो, सीट आवळून धरतो. आमच्या गाडीत तसं नाही. पट्टा झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा. या मॉडेलमध्ये पट्टा पकडायला स्वतःचा चिमटा नव्हता. पट्टा आवळून बांधलेली सीट महू फाट्यापर्यंत जाता जाता चारेक इंच डुलायला लागली. मेहुण्याला फोन केला तर म्हणाला, "दाजी, मॅन्युअल वाचा ना." वाचलं. मॅन्युअलमध्ये त्यांच्या गाड्या गृहीत धरल्या आहेत. शिवाय खाली छापलेली तारीख बघितली, प्लास्टिकचं आयुष्य संपायला दीड वर्ष उरलेलं. ती माळ्यावर गेली. सोबत आलेल्या जादा सामानाच्या शंभर डॉलरची मेहुण्याने आतापर्यंत दोनदा आठवण करून दिली आहे.

आता मुख्य विषय. बक्कल.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर किती लिहिणार. पण अपघात सुदैवाने झाला नाही, होऊही नये. बक्कल मात्र दिवसातून चार वेळा लागतं. ते मुलाला उघडता येऊ नये म्हणून मुद्दाम कडक ठेवलेलं असतं: युरोपी नियमात बटणाला ४० ते ८० न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण चार ते आठ किलोच्या वजनाइतका दाब. एवढा कडक खटका, त्यात पट्ट्यांच्या टोकांच्या दोन जिभांसाठी वर उघडी फट, आणि ती फट बरोबर तिथे, मांड्यांच्या मध्ये, जिथे मूल हातातलं सगळं सांडतं. ही जागा ज्याने ठरवली त्याच्या घरी शेव खात नसावेत.

घरी आल्यावर मी प्रयोग केला. जाड लवंग शेव फटीत जात नाही. मुरमुरा अडतो. पोह्यांवर घालतात ती बारीक शेव सरळ आत जाते, आणि तेलकट असल्याने खाली चिकटून बसते. त्यावर पाण्याच्या बाटलीतलं दोन थेंब पाणी, की झाला बेसनाचा लगदा. हे फक्त माझंच नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत ग्रेको कंपनीला लाखो सीटची बक्कलं बदलून द्यावी लागली, कारण खाण्यापिण्याचं त्यात जाऊन ती उघडत नव्हती किंवा फार जड उघडत होती. तिकडे शेव नाही, तरी ही अवस्था.

मग सर्व्हिस सेंटरला फोन. पहिल्या वेळी, "सर, फोटो भेज दीजिए." दुसऱ्या वेळी, "सर, वीडियो भेज दीजिए." अडकलेल्या बक्कलचा व्हिडिओ म्हणजे काय, एक माणूस बटण दाबतोय आणि काही होत नाहीये. पाठवला. अकराव्या दिवशी उत्तर, "खाने-पीने की चीज़ से खराबी वारंटी में नहीं आती." मी विचारलं, दोन वर्षांच्या मुलाच्या सीटमध्ये खाणंपिणं जाणार नाही तर काय जाणार, फाइली? नवं बक्कल साडेअकराशे, तीन आठवडे. अकराशे पन्नास रुपयांसाठी मी तेराशेचं डोकं खर्च केलं, हे बायकोचं वाक्य.

नवं घेतलं नाही. बक्कल स्वतः काढलं. पहिल्या, सहा हजारांच्या सीटमध्ये हे काम सोपं होतं: सीट उलटी करायची, खाली पट्ट्याला धातूची चपटी पट्टी असते ती आडवी फिरवून खाचेतून वर ढकलायची, बक्कल हातात. साडेसतरा हजारांच्या सीटमध्ये त्यासाठी आधी अख्खं कव्हर काढावं लागतं, सोळा हुक. मग एका वाटीत कोमट पाणी, नुसतं पाणी, त्यात बक्कल बुडवून बटण दाबत राहायचं. साबण नाही, तेल नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी गोडं तेल सुचवलं होतं. तेलाने धूळ आणखी चिकटते आणि खटक्याचा भरवसा राहत नाही. पट्टे तर भिजवायचेच नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. तिसऱ्या पाण्यात पिवळा गाळ खाली बसला. चौथ्या पाण्यानंतर टक्.

त्या एका टक् आवाजासाठी मी पहिल्या सीटला परत चांगले मार्क देतो. बांधायला ताप, पण स्वच्छ करायला गुणी. फिरणारीला बांधायला शंभर, बसवायला शंभर, बक्कलला तीस. आता कुणी विचारलं तर सांगतो: गाडीत आयसोफिक्स असेल तर तीच घ्या, पण दुकानात बक्कल खालून कसं निघतं ते करून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर दुसरं मॉडेल बघा. आणि थंडीत जाड स्वेटर, कानटोपीसकट गाठोडं करून पट्टे लावू नका. आधी पट्टे, मग वरून शाल. खांद्यावर चिमटीत पट्टा धरता येतोय तोवर तो सैल आहे.

गाडीत शेव बंद, असा ठराव झाला. आईने एकमताने फेटाळला. तडजोड म्हणून आता केळं आणि लाही.

मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या जोशांच्या मुलीसाठी पहिली सीट देऊन टाकायची ठरलं. त्यांचीही जुनी छोटी गाडी. मी पट्ट्याचं, गुडघ्याचं, सगळं समजावलं, मग स्वच्छ करून द्यावी म्हणून वर्तमानपत्रावर उलटी करून झटकली. मूठभर शेव पडली. आई चष्मा लावून वाकली, एक काडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "ही माझी नाही. ही रतलामी आहे, तुझ्या सासूने दिलेली."