‘काका, पासवर्ड आमच्याकडेच राहू द्या’

मुलीच्या अमेरिकेतल्या एमबीए प्रवेशासाठी आम्ही इंदूरच्या एका अ‍ॅडमिशन कन्सल्टंटला दीड लाख रुपये दिले. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण पलासियापासून भंवरकुआँपर्यंत अशी ऑफिसं पुष्कळ आहेत, म्हणून निदान यांची कामाची तऱ्हा तरी कळावी.

माणूस गोड. आडनाव ऐकताच मराठीत सुरू. “म्हणजे आपलीच माणसं की! लोकमान्य नगर का सुदामा नगर?” इंदुरात कुणी मराठीत बोललं की आपण निम्मे तिथेच विरघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक. शेजारच्या गृहस्थांना तो आयआयएममध्ये ‘मॅनेजमेंट कोट्यातून बघू’ असं सांगत होता. इंदूरला आयआयएम १९९६ साली आलं, तरी गावात हा समज अजून टिकून आहे. आयआयएममध्ये असला कोटा मुळात नसतोच.

पावतीवर जीएसटीचे १८ टक्के लावलेले, पण नोंदणी क्रमांकाची जागा कोरी. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, लगेच विचारलं. “काका, ते सीए बघतोय.” पैसे मात्र फर्मच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या खात्यावर घेतले.

खरी मेख पुढे होती. अर्जांसाठी त्यांनी मुलीच्या नावाने नवा ईमेल काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. कारण काय, तर मुलांच्या हातून डेडलाइन चुकतात. अमेरिकेतल्या बहुतेक बिझनेस स्कूलांची अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास, दुसरी जानेवारीत आणि तिसरी वसंतात असते. तिसरीपर्यंत बऱ्याचशा जागा आणि स्कॉलरशिपचे पैसे वाटून झालेले असतात. आम्हाला सांगितलं, पहिल्या फेरीत अर्ज गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉटही आला, पण वरची तारीख कापलेली.

भांडं फोडलं मुलीच्या ऑफिसातल्या मॅनेजरने. “शिफारसपत्राची लिंक अजून आली नाही, बेत रद्द केलास का?” ही लिंक स्कूलची यंत्रणा थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर पाठवते. मग मॅनेजरला लिंकच आली नसताना अर्ज ‘पूर्ण’ कसे झाले?

आम्ही दोघं त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. लॉगिन दिल्याशिवाय उठणार नाही म्हटल्यावर तिथल्या पोराने नाइलाजाने अर्ज उघडून दाखवले. मॅनेजरचं नाव बरोबर, पण पत्ता कंपनीचा नव्हे, त्याच नावाने काढलेला जीमेलचा. म्हणजे पत्र यांनीच लिहिलं आणि यांनीच अपलोड केलं. अर्ज गेले होते तिसऱ्या फेरीत. एका स्कूलने अर्जाची फी माफ केल्याची नोंद फॉर्मवर स्पष्ट दिसत होती, आमच्याकडून मात्र अडीचशे डॉलरच्या हिशेबाने रुपये घेतलेले. आणि निबंध! ‘मी’ म्हणे काकांचा उज्जैनचा छापखाना तोट्यातून बाहेर काढला. मुलगी एकदम म्हणाली, “बाबा, आपले काका तर शिक्षक आहेत!” दुसऱ्या कुणाचा तरी निबंध, नाव बदलून चिकटवलेला.

पैसे बुडाले त्याचं दुःख आहे, पण याची धास्ती त्याहून मोठी. अर्जातली माहिती खरी असल्याची सही विद्यार्थ्याची असते, कन्सल्टंटची नव्हे. खोटं शिफारसपत्र उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, वर्ग सुरू झाल्यावरसुद्धा. म्हणून तिने स्वतःच्या जुन्या ईमेलवरून प्रत्येक स्कूलला सगळं कळवलं आणि अर्ज मागे घेतले. जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो आणि त्याचं खातं सुदैवाने तिच्याच ईमेलवर होतं, म्हणून तेवढा वाचला.

सगळेच कन्सल्टंट असे नसतात. माझ्या भाच्याने अर्जासाठी ज्यांची मदत घेतली, त्या बाई एक ओळही लिहून देत नसत. प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडायचं, मसुद्यावर लाल शेरे मारायचे आणि मुलाखतीची तालीम घ्यायची, एवढंच. अर्जाचं खातं त्याचं, फी त्याच्या कार्डावरून थेट स्कूलला. तुमच्याकडे कुणी निबंध ‘लिहून देतो’ म्हणालं, किंवा ईमेलचा पासवर्ड स्वतःकडे मागितला, तर चहा संपवा आणि उठा. मॅनेजरांना तर थेट फोन करूनच विचारा, लिंक आली का म्हणून.

‘फी परत मिळणार नाही’ असं करारात छापलंय म्हणून गप्प बसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोललात तरी चालेल. पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपची बोलणी आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. आमची सगळी मदार त्यावरच आहे.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला: निम्मे पैसे घ्या आणि ‘सेवा समाधानकारक होती’ या कागदावर सही करा. सही केलेली नाही.